सवतीकडचा खुंटा

खंडेनवमी जवळ आली की माझ्या मस्तकात तिडीक उठते. बाकीच्यांना सण दिसतो, मला सोनेरी रंग फासलेली एक तोफ दिसते. आमच्या पिंपरीत संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर झेंडूचे ढीग लागलेले असतात, ऑक्टोबरचं ऊन वरूनही भाजतं आणि डांबरातून खालूनही भाजतं, कुठल्या तरी मंडळाचा स्पीकर सकाळीच घसा खाकरायला लागतो, आणि गॅलरीतून अण्णांची हाक येते, "बाय, आज अष्टमी ना गो?" अष्टमीच असते. अण्णा म्हणजे माझे वडील. काचबिंदूनं त्यांची नजर खाल्ली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, पण तिथी कधी चुकत नाही. मी हो म्हणते. मग ते विचारतात, "उद्या त्या मुर्दाडावर परत नारळ फोडतील?" मी म्हणते, फोडणारच, त्यांना दुसरं येतंय काय. यावर ते खुशीत हसतात आणि चहा मागतात.

माझी सगळी नोकरी चाकणला, गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, साबण, कुणाला काय लागेल ते माझ्या खिडकीतून जायचं. खंडेनवमी मला तिथं खरोखर आवडायची, हे आधी सांगून टाकते, नाहीतर ही बाई सगळ्यालाच नाकं मुरडते असं वाटायचं. आदल्या दिवशी मशीनं डिझेलनं पुसायची, खालची तेलकट माती खरवडून काढायची. जिला वर्षभर आयमाय काढून शिव्या घातल्या त्या लेथला दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही हा नेम. सगळी शेड गप्प झालेली असायची, आणि वर पत्र्यात चिमण्या राहतात हे वर्षातून तेवढ्या एका दिवशी कळायचं. बिहारचा पोरगाही आणि बीडचा पोरगाही आपापल्या मशीनपुढं बूट काढून उभा राहायचा. कुणी भाषण करायचं नाही. भाषणं नंतर आली, कंपनीच्या मोठ्या साहेबांचा पसारा वाढला तशी.

पसाऱ्याबरोबर एचआर आलं. एचआरबरोबर नवरात्राचे नऊ रंग आले. आज पिवळी साडी, उद्या राखाडी, सगळ्या बायकांनी जिन्यावर उभं राहून फोटो काढायचा. मी नवव्या दिवशीसुद्धा मला हवी तीच साडी नेसून जायची. एचआरचा पंकज नावाचा एक गुळगुळीत पोरगा होता. तो म्हणायचा, "मॅडम, तुम्ही टीम स्पिरिटमध्ये कमी पडता." मी म्हणायची, स्टोअरमध्ये साबण कधी कमी पडला का ते सांग. तो हसायचा. त्याला प्रत्येक गोष्टीवर एकच हसू होतं.

आणि मग एका वर्षी आमचे मोठे साहेब कोकणात सुट्टीला गेले. लोक कोकणातून आंबे आणतात, फणसपोळी आणतात, आमसुलं आणतात. साहेबांनी तोफ आणली. सरकारी खात्यानं ती भंगारात काढली होती, साहेबांना समुद्रकिनारी मासे खाताना ती दिसली आणि भरून आलं. कंपनीच्या दारात ठेवायची म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्यावर छाप पडते. अरे बाबा, तू ब्रेक बनवतोस. गाडी थांबवायचं सामान विकणाऱ्याच्या दारात तोफ कशाला हवी? पण आमच्या या सगळ्या पट्ट्यालाच मोकळी जागा दिसली की तिथं काहीतरी लोखंड उभं करायची खाज आहे. त्यावर फोकस मारायचे, भोवती साखळी लावायची, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर तिकडं ढुंकून बघायचं नाही.

गणपती नुकतेच गेले होते. ट्रेलरवर तोफ घाट चढून आली आणि चाकणच्या चौकात असा काही चक्का जाम झाला की आमच्या कंपनीच्या बस अर्धी सकाळ कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकून पडल्या. गेटवर उतरवली तेव्हा सगळी पोरं मोबाइल काढून धावली. मी काही तोफेच्या कौतुकानं गेले नाही, स्टोअरच्या खिडकीवर कुणी येईना म्हणून बाहेर आले. गर्दीतून मला तिची एक बाजू दिसली. तोफेची नळी वरखाली करायला कडेला एक लोखंडी चाक असतं, शिवणाच्या मशीनला असतं तसं, पण परातीएवढं. त्या चाकाच्या काठाला धरून फिरवायची मूठ होती. वीतभर लांब, मध्ये बारीक, वर बोंड. लाकडाची. एका अंगाला करपलेली.

माझे पाय तिथंच थांबले. ती मूठ नव्हती, माझ्या आईच्या जात्याचा खुंटा होता. आईनं एकदा चुकून चुलीजवळ ठेवला होता तेव्हा करपलेला.

आता या तोफेचं खानदान सांगायला हवं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला विलायतेत घडवलेली. आधी एका लढाऊ जहाजावर होती. जहाज म्हातारं होऊन मोडीत निघालं, तोफ ठणठणीत, म्हणून उतरवून ठेवली. पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कोकणात आमच्या गावी खाडीच्या तोंडाशी, टेकडीवर काँक्रीटचा कट्टा बांधून तिला समुद्राकडं तोंड करून बसवलं. शत्रूचं जहाज आलं तर म्हणून. शत्रूला आमच्या खाडीत काय मिळणार होतं देव जाणे. बोंबील आणि खेकडे. शत्रू अर्थातच आला नाही. बसवल्यावर एकदा चाचणीचा बार काढला, तेव्हा गोळा समुद्रात पडला आणि शाळेची कौलं जमिनीवर पडली. आजी सांगायची, त्यानंतर कित्येक दिवस गावातल्या कोंबड्या अंड्यावर बसेनात. तोफेचा सगळा पराक्रम एवढाच.

पुढं गोरे साहेब गेले, सैनिक गेले, तोफेच्या मागची महत्त्वाची कळ कुणीतरी काढून नेली, आणि उरलेल्या लोखंडावर राखण म्हणून खात्यानं अण्णांना नेमलं. खाकी शर्ट, एक शिट्टी, आणि वर्षाला डबाभर ग्रीस. ते ग्रीस खाऱ्या वाऱ्यात कुठं पुरायला? मग अण्णा होडीला चोपडायचं माशाचं तेल विकत आणायचे आणि तोफेला चोळायचे. घरी यायचे तेव्हा अंगाला तोच वास. आई म्हणायची, "सवतीला न्हाऊमाखू घालून आले." तोफेला आमच्या घरात सवत हेच नाव होतं. पावसाळ्याआधी खात्याकडून एक कोरी ताडपत्री यायची, सवतीच्या अंगावर घालायला. आमच्या चुलीवर पाणी गळायचं. आई म्हणायची, एक कोपरा कापून द्या. अण्णा म्हणायचे, "सरकारी हाय ती." झालं. सरकारी हा एक शब्द त्यांना गायत्री मंत्राच्या ठिकाणी होतं. मला लहानपणापासून त्या तोफेचा जो तिटकारा बसला तो तिथून, आणि तो अजून गेलेला नाही. उगाच म्हातारपणी जिव्हाळा वगैरे फुटला असं कुणी समजू नये.

त्या चाकाला मूळची पितळी मूठ होती. एका वर्षी ऐन नवरात्रात भंगार गोळा करणाऱ्या कुणीतरी ती लांबवली. दिवाळीआधी इन्स्पेक्टर यायचा, चाक फिरवून बघायचा. मूठ नाही म्हटल्यावर अण्णांची नोकरी गेलीच असती. खंडेनवमीच्या सकाळी आई जात्याला हळदकुंकू वाहायला गेली तर जात्यात खुंटा नाही, नुसतं भोक. अण्णांनी पहाटेच नेऊन, खालून तासून, चाकात ठोकून बसवला होता. इन्स्पेक्टर आला, त्यानं माझ्या आईचा खुंटा धरून विलायती चाक गरागरा फिरवलं, आणि सगळं बरोबर आहे म्हणून चहा पिऊन गेला. सरकारची नजर म्हणतात ती ही.

आईचं बोलणं त्या दिवशी अख्ख्या वाडीनं ऐकलं. अण्णा म्हणाले, "पुढल्या आठवड्यात आणतो गो. इन्स्पेक्टर जाऊ दे." इन्स्पेक्टर गेला, पण अण्णांना धास्ती, अचानक परत आला तर? मग पुढच्या वर्षी आणतो. मग त्याच्या पुढच्या. गावात सुताराची कमी नव्हती, शेजारच्या काकीनं नवा खुंटा करवून आणूनसुद्धा दिला. आईनं तो चुलीत घातला. म्हणाली, "ज्यानं नेला त्यानं आणावा." आणि ती शेजारी जाऊन दळायला लागली, पुढं गिरणी आली तेव्हा गिरणीत. जातं मात्र जाग्यावर, खुंट्याशिवाय. येणारी-जाणारी बाई विचारायची, खुंटा कुठाय? आई सांगायची, सवतीकडं. अण्णा मान खाली घालून जेवायचे.

अण्णा रिटायर झाले, टेकडीला खात्यानं काटेरी तार घातली, नवा पहारेकरी काही त्यांना आत सोडेना. मी दोघांना पिंपरीला घेऊन आले. सामानाच्या टेम्पोत आईनं आधी जातं चढवलं. माझ्या गॅलरीत ते ठेवलं, तेव्हा मी म्हटलं, त्यावर कोरफडीची कुंडी ठेवू का, छान दिसेल. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी कुंडी परत खाली नेऊन ठेवली. शेवटची वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायची, तिथून गॅलरीतलं जातं समोर दिसायचं. दिवस भरले तशी गेली. अण्णांना ती खुंट्याबद्दल पुढं काही बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

तोफ आली त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांना समोरच्या माणसाचं तोंड धुक्यातून दिसावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही आणि जे आहे तेही राहीलच असं नाही. मला वाटलं तोफेचं नाव ऐकून म्हातारा उठून उभा राहील. तसं काही झालं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"खुंटा हाय?"

"आहे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाय, माझं उलीसं दिसतंय तोवर तो आणून जात्यात बसवायचा. मीच. तू आणून नाय चालायचा."

मला वाटलं, हे काय, सोपं काम. दुसऱ्या दिवशी पंकजकडं गेले आणि सरळ सांगितलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, ते हसू हसला आणि म्हणाला, "मॅडम, ती हेरिटेज आयटम आहे. ओरिजिनल पार्ट काढता येणार नाही."

"अरे, तो जात्याचा खुंटा आहे. फणसाच्या लाकडाचा. विलायतेत फणस असतो का?"

"साहेबांनी एक्स्पर्ट बोलावून तपासून घेतलंय. ऑल ओरिजिनल." मग एकदम त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "पण एक मिनिट. तुमचे वडील या तोफेवर होते? म्हणजे जवान?"

"वॉचमन."

"एकच ना. खंडेनवमीला आपण त्यांचा सत्कार करू. तोफेशेजारी उभं करू."

एकच ना, म्हणे. मी तोंडावर आलेलं गिळलं, कारण साखळीच्या आत, तोफेला हात लागेल इतक्या जवळ जायचा दुसरा रस्ता दिसत नव्हता. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "सत्कार करू दे. मी माझं काम करतंय."

मधले दिवस तोफेची जी विटंबना चालली होती ती मी रोज बसमधून उतरताना बघत होते. आधी वाळूच्या फवाऱ्यानं घासली. मग सोनेरी रंग. नळी सोनेरी, चाक सोनेरी, खाली बांधलेला नवा कट्टाही सोनेरी. तोंड कुठं करायचं यावर म्हणे मीटिंग झाली, कारण आत केलं तर ऑफिसकडं रोख येतो आणि गेटकडं केलं तर कामगारांच्या बसवर. शेवटी तिरकी करून कांदा मार्केटच्या दिशेला ठेवली. जहाजं बुडवायला घडवलेली तोफ शेवटी चाकणच्या कांद्यावर नेम धरून बसली. एक दिवस जवळ गेले तर खुंटासुद्धा सोनेरी. रंगारी शेजारी तंबाखू मळत बसला होता, बबन म्हणून, इथल्याच गावचा. मी म्हटलं, अहो, हे लाकूड आहे, दिसलं नाही का?

"दिसलं की, मॅडम," तो म्हणाला. "पन आमाला सांगितलं सगळं सोनेरी मारा. आमी मारलं. लाकूड हाय का लोखंड हाय, आमाला न्हाई इचारलं कुनी."

त्याच्यावर काय चिडायचं? डोळे होते एकट्या त्यालाच, आणि त्याला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी त्याला म्हटलं, बरं केलंत. आणि खरंच बरंच झालं होतं, कारण आता तो खुंटा आहे हे नुसतं बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

खंडेनवमीला अण्णांना कंपनीची गाडी न्यायला आली. त्यांनी जुनी टोपी घातली, आणि खिशात काहीतरी टाकलं. काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तेलाची बाटली. शिवणाच्या मशीनची. लागतंय." मी इरकली नेसले. त्या दिवशीचा रंग जांभळा होता, मी हिरवी नेसले.

गेटवर मांडव, सनई लावलेली, झेंडूच्या माळांत तोफ पार गुदमरलेली. अण्णा खुर्चीवर बसले आणि त्यांनी नाक वर करून वास घेतला. हळूच मला म्हणाले, "तेलाचा वास नाय. मेली कोरडी ठणठणीत हाय आतून." त्यांना एवढंच वाईट वाटलं. बाकी सोनेरी रंग वगैरे मी सांगितला तेव्हा त्यांनी नुसतं "हूं" केलं.

साहेब बोलायला उभे राहिले. सेफ्टी, क्वालिटी, शौर्य, पूर्वज, असं सगळं एका कढईत तळून काढलं. या तोफेनं शत्रूच्या नौका बुडवल्या म्हणाले. मग चाकाजवळ गेले, खुंट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही मूठ बघा. शंभर वर्षांपूर्वीचं काम. आजही हातात कशी बसते. अशी क्वालिटी आपल्याला आणायची आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत क्वालिटी डिपार्टमेंटचे सगळे इंजिनियर बसले होते, ते माना डोलवत होते. माझ्या आईनं पहाटे उठून कुळीथ दळताना तळहाताला घट्टे पाडून गुळगुळीत केलेला खुंटा, आणि हे त्याच्यातली विलायती क्वालिटी बघत होते. मला हसू आलं, आणि त्याच वेळी त्या माणसाचा हात तिथून झटकून टाकावासा वाटला.

मग शाल आणि श्रीफळ. शाल चकाकणारी, काठावर कंपनीचं नाव छापलेलं. साहेबांनी माइक अण्णांच्या तोंडाशी धरला. "आजोबा, आजच्या पिढीला सांगा, या तोफेनं किती शत्रू लोळवले?"

अण्णांनी माइकचा अंदाज घेतला. "शत्रू? नाय ओ. एकदाच उडवलेली, चाचणीला. तवा शाळेची कौलं पडली."

मागं ऑपरेटर पोरं बसली होती तिथं हशा पिकला. साहेबांनी माइक काढून घेतला, आजोबा मोठे विनोदी आहेत म्हणाले, आणि तोफेच्या तोंडावर नारळ फोडला. पाठोपाठ सगळे नारळ घेऊन पुढं आले. आधी मॅनेजर, मग युनियनवाले, मग जो येईल तो. पाणी सोनेरी रंगावरून ओघळून खाली. अण्णा कान देऊन बसले होते. प्रत्येक नारळाला त्यांचा जबडा जरा आवळायचा. त्यांनी सगळं आयुष्य त्या लोखंडाला खारं-ओलं काही लागू नये म्हणून घालवलं होतं.

शेवटी मसालेभात आणि बुंदीचा वास आला आणि मांडव रिकामा झाला. हीच वेळ होती. मी अण्णांचा हात धरून साखळीच्या आत नेलं. त्यांनी तोफेला हात लावला, नमस्कार नाही, काही नाही, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून सरकत सरकत चाकापर्यंत गेले आणि खुंटा मुठीत धरला. पिळला. हलेना. रंगानं चाकाला घट्ट धरला होता. त्यांनी बाटलीतलं तेल बुडाशी सोडलं, नखानं रंग खरवडला, परत पिळला. नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. लांबून पंकज येताना दिसला, हातात बुंदीचं पाकीट. मी म्हटलं, अण्णा, आता राहू दे, आपण परत कधीतरी...

"परत कधी गो?" ते म्हणाले. "परत मला दिसायचा हाय काय?"

आणि त्यांनी काखेतलं सत्काराचं श्रीफळ काढून खुंट्याच्या बुडाला खालून हाणलं. एकदा. दोनदा. पंकज दहा पावलांवर थांबला आणि त्यानं चक्क हात जोडले. त्याला वाटलं, म्हातारा तोफेला नारळ फोडतोय. खंडेनवमीच्या दिवशी तोफेवर नारळ आपटणाऱ्या माणसाला कोण हटकणार? तिसऱ्या ठोक्याला नारळ फुटला, पाणी माझ्या इरकलीवर उडालं, आणि खुंटा कुरकुरत फिरला. अण्णांनी तो उपसला आणि शालीखाली घेतला. फुटलेल्या नारळातलं खोबरं पंकजनं प्रसाद म्हणून खाल्लं.

आमच्या गेटवर सुटणाऱ्या प्रत्येकाची झडती होते. डबा उघडून दाखवायचा, खिसे चाचपून घ्यायचे. मी स्टोअरची बाई असूनही रोज दाखवायची. त्या दिवशी अण्णा शाल पांघरून, छातीशी दोन्ही हात धरून गेटमधून निघाले आणि सिक्युरिटीवाल्यानं बूट आपटून सलाम ठोकला. अण्णांनी मान हलवून तो घेतला.

तोफ अजून आहे तिथं. माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या खंडेनवमीलाही साहेबांनी तेच भाषण केलं. चाकाकडं हात केला, "ही मूठ बघा" म्हणाले, आणि पहिल्या रांगेनं माना डोलावल्या. चाकाला नुसतं भोक होतं. कुणाला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि बोलायची सोय नव्हती. मला तिथं उभ्या उभ्या इतकी कीव आली की मी बुंदी न घेताच निघाले.

पण त्या पहिल्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णा टोपीसुद्धा न काढता गॅलरीत गेले, जात्यापुढं बसले आणि चाचपून खुंटा भोकात घातला. तो खुळखुळायला लागला. चाकाच्या मापाला बसावा म्हणून त्यांनीच तो त्या वर्षी खालून तासला होता. जात्याला आता तो ढिला होता. त्यांनी काढला, परत घातला, परत काढला. मी म्हटलं, सुताराकडून पाचर करून आणू उद्या.

"उद्या नाय. चिंधी दे."

चिंधी शोधायला मी उठले, तोवर त्यांनी खांद्यावरची शालच ओढून काढली होती आणि दातांनी फाडायला बघत होते. फाटेना. "प्लास्टिकची हाय ही," ते म्हणाले. "थंडीला नाय उपयोगाची. हितं चालंल. कात्री आण."

कात्री देवापुढं पूजेत होती. विळी, सुरी, माझं शिवणाचं मशीन, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. मी म्हटलं, अण्णा, आज हत्यार चालवत नाहीत.

"जातं इतकी वरसं बसूनच व्हतं गो," ते म्हणाले. "अजून किती बसवतंस?"

मी कात्री उचलली. कुंकवासकट. शालीचा काठ कापला, बरोबर कंपनीच्या नावावरून, आणि ती पट्टी अण्णांनी खुंट्याच्या बुडाला फेर देऊन गुंडाळली आणि खुंटा जात्यात दाबला. वरून तळहातानं ठोकला. आता तो हलत नव्हता. त्या शालीचा आजवर झालेला उपयोग एवढाच.

घरात गावाहून आलेले कुळीथ होते. भाजलेले, भरडायचे राहिलेले. मी मूठभर जात्याच्या तोंडात टाकले. अण्णांनी खुंटा धरला. पहिला फेर जड गेला, दगडाला दगड लागून खरखर झाली, मग जातं चालायला लागलं आणि कडेनं करड्या रंगाचं पीठ पडायला लागलं. भाजल्या कुळथाचा वास घरभर गेला. अण्णा थांबले. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळून बघितलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं, जिथं आई पाट टाकून बसायची तिकडं तोंड केलं.

"आणला," ते म्हणाले.

मी दुसरी मूठ टाकली.